पुजलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि खुर्ची असूनही मला एका जागी चैन पडत नाही. दोष माझ्या कर्त्याचा. लातूरचे वीरण्णा दिल्लीत नव्या धर्तीच्या खुर्च्या आखत. नाव झाले. पण परदेशातल्या एका प्रदर्शनात कुणीतरी विचारले, "यात तुमच्या देशाचे काय?" त्यांची झोपच उडाली. नोकरीवर पाणी सोडून ते गावी परतले.

आडत बाजारात त्यांनी पाहिले, आपली माणसे खुर्चीवरही मांडी घालतात. मग बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या दोरीने विणलेली, मांडी मावेल इतकी ऐसपैस आणि बुटकी अशी मी तयार झाले. दुष्काळ असा, की दोरी भिजवायला त्यांच्या आईने पिण्याच्या घागरीतले पाणी दिले.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. एका नव्या कचेरीतले साहेब म्हणाले, "महिनाभर ठेवा. लोक बसले, तर अशा दोनशे घेऊ." वीरण्णांची सारी आशा त्या दोनशेंवर होती.

पण माशी शिंकलीच. उद्घाटनाला शिपायाने मला चौरंग समजून माझ्यावर कलश मांडला, हळदकुंकू वाहिले. मग कलश उचलला तरी माझ्यावर बसतो कोण? टँकरचा अर्ज घेऊन माणसे उन्हातून येत, मला हात जोडत आणि जमिनीवर बसत. माझा नुसता जळफळाट होई.

महिना संपला त्या दिवशी वीरण्णा आले. अहमदपूरकडच्या म्हाताऱ्या सरजाबाई सकाळपासून भिंतीला टेकून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नव्हते.

"मावशी, हिच्यावर बसा की."

"नगं बाबा. देवाची जागा हाय."

"न्हाई ओ, मीच केलीय ही."

"केली असशील. पुजली ना? मग उत्तरपूजा कुणी केली? जाग्यावरून हलवल्याबिगर देव उठत न्हाई."

दिल्लीत शिकलेल्या माणसाला हे सुचले नव्हते. सरजाबाईंनी पदराच्या गाठीतले ज्वारीचे चार दाणे अक्षता म्हणून माझ्यावर टाकले. वीरण्णांनी मला वीतभर सरकवले. म्हातारी टेकली, हळूच पाय वर घेतले आणि म्हणाली, "लई बरं वाटलं."

साहेबांनी त्याच सकाळी दुसऱ्याच खुर्च्या घेण्याच्या कागदावर सही केली होती. वीरण्णांना ते कळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण सरजाबाईंना त्यांनी उठू दिले नाही.

वीरण्णा आता नाहीत. मी एका संग्रहालयात आहे. पाटीवर 'भारतीय आसन' लिहिले आहे आणि त्याखाली 'कृपया बसू नये'. मित्रांनो, कधी आलात, तर मला हात जोडू नका. पहारेकऱ्याची नजर चुकवून मला वीतभर हलवा, आणि बसा.