रुखवतातला लॅपटॉप

आमच्या तेजलला भरतकाम येत नाही, विणकाम येत नाही, आणि लाडू वळायला बसवली तर परातीपेक्षा पोटात जास्त जातात. तिचं लग्न ठरलं तेव्हा मला नवऱ्यामुलाची काळजी नव्हती. सुजित सोन्यासारखा मुलगा. मला काळजी होती रुखवताची. बदलापूर गावातली शेतकरी माणसं ती. त्यांच्या बायका रुखवताच्या टेबलाभोवती जमणार, एकेक वस्तू उचलून बघणार आणि विचारणार, "हे पोरीनं केलंय का?" माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या रुखवताकडे बघून आत्तेसासूबाईंनी नाक मुरडलं होतं. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

"मी लॅपटॉप ठेवणार," तेजल म्हणाली. "तेवढंच मी माझ्या हातानं केलंय."

तो लॅपटॉप म्हणजे यांच्या अंबरनाथच्या कंपनीने काढून टाकलेला डबा. चालू करायला बटण दाबावं, भाजी निवडावी, कुकर लावावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतंच आहे. एक दिवस तेही थांबलं. तेजलच्या बालवाडीपासूनचे सगळे फोटो त्यात होते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला, "भाभी, इसमें नया विंडोज चढ़ेगा नहीं. भंगार में दे दो." मी घरी येऊन चक्क रडले.

तेजलने मात्र पेनड्राइव्हमध्ये विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स नावाचं काहीतरी उतरवून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी त्या डब्यासमोर ठाण मांडलं. फोटो आधी सुखरूप बाहेर काढले, मग जुनं सगळं पुसून नवं घातलं आणि फोटो परत त्यातच ठेवले. वायफाय चालेना, तर ताटही तिथेच घेऊन बसली. संध्याकाळी ती एकदम किंचाळली. मला वाटलं, अंगावर पाल पडली. जाऊन बघते तर लॅपटॉप चालू, तोही बटण दाबल्यावर पाणी पिऊन होईपर्यंत!

"केवढ्याला पडलं?" मी विचारलं.

"फुकट आहे, आई."

"फुकट कोण देतं? उद्या दारात येतील मागायला."

"कोणी नाय येणार. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय. कोणीही घ्यायचं, पाहिजे तर सुधारायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. एकदम फ्री!"

"म्हणजे विरजणासारखं म्हण की," मी म्हणाले. शेजारणीकडून वाटीत चमचाभर आणायचं, आपलं दही लावायचं, दुसरी मागायला आली की तिलाही द्यायचं.

तेजलने मला मिठीच मारली. "आई, हे समजवायला लोक अर्धा तास घेतात!"

पण कळणं वेगळं आणि रुखवत वेगळं. लॅपटॉपचं एक बटण उडालेलं, बिजागरीला चिकटपट्टी. असलं ध्यान मी विहीणबाईंसमोर मांडू? मी गुपचूप कॅम्प दोनच्या बाजारात गेले, मोत्यांच्या मोरांची झकास जोडी आणली आणि वर चिठ्ठी लावली, ‘तेजलच्या हातची कलाकुसर’. लग्नाच्या दिवशी पोरगी मेकअपला बसली होती तेवढ्यात लॅपटॉप उचलून टेबलाखाली चादरीआड सरकवला आणि त्याच्या जागी मोर बसवले.

विहीणबाई आल्या. बनूबाई त्यांचं नाव. अंगाने काटकुळ्या, नजर घारीची. अनारसे बघितले, सप्तपदीच्या सुपाऱ्या बघितल्या आणि मोरांपाशी थांबल्या. चिठ्ठी वाचली. मोर उलटा केला. मग मला कोपरखळी मारून हळूच म्हणाल्या, "विहीणबाय, हे मोर कॅम्प दोनचे ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आमचे सोनियाचे रुखवतात पण हेच ठेवले होते," त्या म्हणाल्या. सोनिया म्हणजे त्यांची मुलगी. "मी पण अशीच चिठ्ठी लावली होती गो!"

आणि त्या अशा खदखदून हसल्या की सगळा हॉल वळून बघायला लागला. मलाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आता खरं सांग. पोरीनं हातानं काय केलंय?"

मी वाकले आणि चादरीआडून लॅपटॉप काढला. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत तेजल आली. मोर बघून तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मी जन्मात विसरणार नाही. पण बटण दाबलं तिने. पडदा उजळला आणि बनूबाई पुढे सरसावल्या, कारण समोरची अक्षरं मराठी होती. बोट ठेवून त्या मोठ्याने वाचायला लागल्या, "फायली... चित्रे... कचरापेटी! अगो, याला मराठी येते?"

बायकांचा गराडा पडला. "नाव घे, नाव घे!" असा गलका झाला. तेजल लाजली वगैरे अजिबात नाही.

"भंगार म्हणून करू नका लॅपटॉपची कीव,
सुजितरावांचं नाव घेते, ओतलाय त्यात जीव!"

टाळ्या, शिट्ट्या. मग तिने चित्रे उघडली. दप्तर पाठीवर घेतलेली बालवाडीतली तेजल, दात पडलेली तेजल, माझी साडी गुंडाळलेली तेजल. बायका हसत होत्या, आणि मला आत्ता कुठे कळलं की रुखवत तर मुलीबरोबर सासरी जातं. म्हणजे हे सगळंच आज जाणार. माझा चेहरा पडला असावा.

बनूबाईंनी तो बघितला. त्यांनी लॅपटॉप अलगद मिटला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा तुमचेकडंच ठेवा."

"अहो, पण रुखवत..."

"आमचे कपाटात सुजितचा एक मेलेला पडलाय. हिच्याकडून तो उठवून घेऊ." मग तेजलकडे वळून म्हणाल्या, "काय गो, त्याला काय लागेल?"

"चमचाभर विरजण," तेजल म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने डोळा मारला.

मी हसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, लॅपटॉप छातीशी धरून रडलेही. बनूबाईंनी माझे डोळे आपल्या पदराने पुसले. आणि जाताना मोरांची जोडी तेवढी सोबत नेली. म्हणाल्या, "धाकटी पुतणी लग्नाची हाय."