पिंपरवाडीचे बाबर

“हेळव्या, बैल हितंच बांध,” बयाबाईने हाक मारली, तेव्हा सिद्राम हेळवी बावचळलाच. दर दोन-तीन वर्षांनी बैलावर बसून तो गावात यायचा, कुणब्यांच्या घरोघरी त्यांच्या पिढ्या म्हणून दाखवायचा आणि पायलीभर जोंधळे घेऊन पुढे जायचा. बयाबाई मात्र त्याला पाहताच कवाड लोटून घ्यायची.

गोठ्यातून नाथाजी बाहेर आला. प्लेगच्या साली माळावरच्या झोपडीत तो बयाबाईला सापडला, तेव्हा दीड वर्षाचा होता. आता दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालेलं आणि नाथाजी अठ्ठेचाळिशीला टेकलेला. बयाबाईचा नवरा त्याच साथीत गेला होता. तिनं ह्या पोराला पदराखाली घेतलं, तीन एकर रान एकटीनं कसलं. त्याचे आईबाप कोण ते ठाऊक नाही, असंच ती सांगत आली. त्यावाचून नाथाजीचं कधी अडलंही नव्हतं. पण परवा त्याच्या लेकीला, रंगूला बघायला कडेगावचे पाहुणे आले. उठताना म्हणाले, “समदं पसंत हाय. मूळ गाव आन् कूळ तेवढं कळवा.” नाथाजी मान खाली घालून बसून राहिला. बयाबाईनं ते पाहिलं होतं.

“पिंपरवाडीच्या बाबरांचं वाच,” ती हेळव्याला म्हणाली.

सिद्रामने चोपडी उघडून सूर धरला. “खंडोजीचा मालोजी, मालोजीचा येसू. येसूची बायकू चंद्राबाई. ल्योक एक, नाव नाथा. प्लेगात तिगंबी गेली. हितं दिवा मालवला.”

“न्हाई मालवला,” बयाबाई म्हणाली. “ह्यो काय हुबा हाय.”

नाथाजीला काही सुधरेना. “तुला ठावं हुतं, आई?”

“साथीतनं पळून आलेल्या चंद्रानं त्या झोपडीत जीव सोडताना सांगितलं हुतं. ‘पिंपरवाडीला पोचीव’ म्हनाली. पयल्यांदा साथीचं भ्या वाटलं. मग... मग तू मला आई म्हनाया लागलास.”

चंद्राबाईचं नाव नाथाजीनं एकदा हळूच उच्चारून पाहिलं.

“उद्या गाडी जुपतो. तूबी चल.”

“म्या कंचं त्वांड दावू तितं?”

“तू आल्याबिगर म्या जात न्हाई.”

पिंपरवाडी आष्ट्याच्या अलीकडे, नदीकाठची. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी बाबरांच्या दारात थांबली. येसूची भावजय हरणाबाई तेवढी त्या पिढीतली उरली होती. आपण येसूचा नाथा, असं सांगताच तिनं नाथाजीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. “येसूचंच नाक गं बाई!” म्हणत तिनं घर गोळा केलं. रंगूच्या लग्नाला सगळी भावकी येणार, हे अंगणातच ठरलं.

बयाबाई अजून गाडीजवळच उभी होती. तिथूनच ती म्हणाली, “बाई, म्या चोरटी हाय. तुमचं पोर ठिवून घेतलं.”

हरणाबाई तिच्याकडे वळली. “त्या साली हितं आनलं असतंस, तर कुटलं ऱ्हायलं असतं? माजी दोनी पोरं ह्याच अंगनातनं न्हेली.”

पाहुण्यांच्या पायांवर घालायला सून पाणी घेऊन आली होती. हरणाबाईनं तिच्या हातातला तांब्या घेतला, नाथाजीला ओलांडून पुढे गेली आणि वाकून बयाबाईच्या धुळीनं भरलेल्या पायांवर सावकाश पाणी ओतू लागली.