गुडगुडणारा पाइप

लग्न झालं त्या आठवड्यात तंबाखू ओढायचे लाकडी पाइप बनवणाऱ्या पाइपवाल्याने छाती पुढे काढून बायकोला सांगितलं होतं, "माझ्या हातचा एक जरी पाइप तक्रार घेऊन परत आला, तर त्या दिवशी दुकान बंद." नवीन लग्न झालेली माणसं असं काहीबाही बोलतात आणि विसरतात. याचं दुर्दैव असं की हा विसरला नाही. एकोणचाळीस वर्षांत एकही पाइप परत आला नाही, आणि दुकान चालूच राहिलं.

आता तो थकला होता. शटर वर ढकलायला मध्ये एकदा थांबून दम घ्यावा लागे. बोटं अकरा वाजेपर्यंत मिटत नसत आणि एकदा मिटली की उघडत नसत. लेक वर्षभर बोलावत होती. तिने यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली रंगवूनही ठेवली होती.

"अहो, करा ना आता बंद," पाइपला मेण चोळता चोळता बायको म्हणे.

"तक्रार कुठं आलीय?"

"आली तर बंद करीन म्हणालात. नाही आली तर मरेपर्यंत बसेन, असं कुठं म्हणालात?"

"अर्थ तोच होतो."

"तुमच्यापुरता होतो."

एके दिवशी नुकतेच निवृत्त झालेले एक साहेब आले. कचेरीत चाळीस माणसं हाताखाली होती, आता घरात एक सून होती आणि तीही हाताखाली नव्हती. त्यांनी वाकड्या नळीचा पाइप मागितला.

"सरळ घ्या," पाइपवाला म्हणाला. "सरळ नळीत धूर कोरडा येतो, सफाईची तार सहज आरपार जाते. वाकड्यात वळणावर पाणी साठतं."

"पण तो दिसतो कसा! सरळ पाइप तोंडात धरला की माणूस थर्मामीटर लावल्यासारखा दिसतो."

हे खरं होतं. शिवाय वाकडा पाइप खाली लोंबतो, दातांवर भार येत नाही, धूर डोळ्यांत जात नाही. साहेबांचे वरचे दात बसवलेले होते. पाइपवाल्याने लाकूड काढलं.

वाकड्या पाइपची खरी मेख आत असते. नळीचं भोक तंबाखूच्या वाटीत बरोबर तळाशी उघडायला हवं. जवभर वर उघडलं तर तळाची तंबाखू ओली राहते आणि ओढताना गुडगुडते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पाइपवाला तार घालून बघायचा. या वेळी तार अडली. त्याला वाटलं, बोटं अडली. साहेब पाइप घेऊन गेल्यावर त्याने तीच तार दुसऱ्या वाकड्या पाइपात घातली. ती सरळ गेली.

तो स्टुलावर बसला. "चुकला," तो म्हणाला.

बायकोने मेणाचा डबा खाली ठेवला. "म्हणजे परत येईल?"

"आठ दिवसांत."

आवाजात दुःख किती आणि सुटका किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिने मात्र लेकीला फोन करून पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते सांगून टाकलं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. साहेब आले नाहीत. शेवटी पाइपवाला स्वतःच साहेब रोज बसत त्या बागेत गेला. साहेब बाकावर बसले होते आणि पाइप लांबवरून ऐकू येत होता.

"कसा आहे?" त्याने आशेनं विचारलं.

"अप्रतिम!"

"काही त्रास? जिभेला कडू पाणी?"

"येतं थोडं. गिळतो."

पाइपवाला मान खाली घालून परत आला. तक्रार नाही म्हणजे सुटका नाही, हे एक झालं. पण आपल्या हातचा पाइप चार लोकांत असा गुडगुडत फिरतोय, हे त्याहून असह्य होतं. त्याने तसाच दुसरा करायला घेतला. एरवी चार दिवसांचं काम, तीन आठवडे लागले. तार पाच वेळा घालून बघितली. मग साहेबांना बोलावून, नुसतं पॉलिश करतो म्हणून, त्याने पाइप बदलून टाकला आणि जुना खणात दडवला.

दुसऱ्याच दिवशी साहेब ताडताड आत आले आणि त्यांनी पाइप काउंटरवर ठेवला.

"यात दोष आहे."

पाइपवाल्याचा चेहरा उतरला. "काय दोष?"

"आवाज येत नाही! अहो, मी बोलायला तोंड उघडलं की सून उठून जायची. या पाइपनं आधी गुडगुड व्हायची, सगळे दचकून माझ्याकडे बघायचे, मग मी बोलायचो. काल मी ओढला, कुणी बघितलंसुद्धा नाही! काय केलंत तुम्ही?"

"दुरुस्त केला," पाइपवाला पुटपुटला.

"बिघडवलात! माझी तक्रार आहे."

बायकोने मेणाच्या डब्याला झाकण लावलं. तो आवाज मोठा नव्हता, पण पाइपवाल्याला बरोबर ऐकू गेला.

"थांब गं," पाइपवाला म्हणाला. "ही कसली तक्रार? पाइप निर्दोष आहे."

"परत आला की नाही?"

"आला, पण..."

"तक्रार घेऊन आला की नाही?"

त्याने काउंटरवरचा पाइप उचलून बाजूला ठेवला. मग त्याने खणातून जुना काढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तिथेच पेटवून खात्री करून घेतली आणि गुडगुडत निघून गेले.

पाइपवाल्याने परत आलेला पाइप रिकामाच तोंडात धरून ओढून बघितला. हवा अलगद आली, कसलाही आवाज न करता.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

"हो. पिशवीत टाका आणि चला."

शटर खाली यायला मात्र काहीच जोर लागला नाही.