मानसोकचा उजवा कान

मित्रांनो, मला बघून हसू नका. मी एक जुना, वायरवाला इअरफोन आहे. दोन कान, एक लांब शेपूट आणि शेपटाच्या टोकाला पिवळी दांडी, एवढाच माझा संसार. माझ्यासारखे आता औषधालाही सापडत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. एका पोरीनं माझी वायर बोटांवर गुंडाळून मला डबीत बसवलं, तेव्हापासून वळणं अंगात मुरली ती मुरलीच. पुढे गुन्सान शहरात, बंदराच्या रस्त्यावर, मी मानसोक आणि जोमन्ये या नवरा-बायकोच्या हाती पडलो. चपला-बूट दुरुस्त करायची त्यांची पत्र्याची टपरी होती. जेमतेम दोघं बसतील एवढी. मानसोक तरुणपणी जहाजाच्या कारखान्यात घण मारायचा, त्यात त्याचा डावा कान कायमचा गेला. म्हणून तो जोमन्येच्या डाव्या हाताला बसायचा. माझा उजवा कान त्याच्या उजव्या कानात, डावा तिच्या डाव्या कानात. मोबाइलच्या भोकात माझी दांडी खट्‌कन बसली की नावाड्यांची जुनी गाणी सुरू व्हायची, आणि दोघांचे हातोडे एका ठेक्यात पडायचे. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, म्हातारपणी काय हा चाळा म्हणून. मानसोक ढिम्म हलायचा नाही. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग मानसोक गेला. दोन दिवस ताप आला आणि गेला, बस्स.

त्यांच्याकडे दरवर्षी गेल्याच्या तिथीला श्राद्ध घालतात. फोटो मांडतात, समोर मासे, फळं, दारू, भाताची वाटी. भातात चमचा उभा खोचतात. मग सगळे खोलीबाहेर पडून दार लावून घेतात. गेलेल्या माणसाला चारचौघांत जेवायचा संकोच वाटू नये म्हणून. नऊ घास खाऊन होतील इतका वेळ थांबायचं, आणि आत शिरण्याआधी घरातल्या पुरुषानं तीनदा खोकायचं. मधल्या वेळात आत कुणी डोकावत नाही.

पहिल्याच वर्षी जोमन्येनं मला मोबाइलला जोडून, गाणं लावून, भाताच्या वाटीशेजारी ठेवलं. तिचा धाकटा दीर मानगिल कुरकुरला.

"वहिनी, दादा जेवायला येतो, गाणी ऐकायला नाही."

"तो कशाला येतो ते मला विचारा, भाऊजी," ती म्हणाली.

दार लागलं. आत फक्त मी. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं आणि माझा उजवा कान जड झाला. मग ऊबदार झाला. कानात घातल्यावर होतो तसाच. वारा नव्हता, खिडकी बंद होती. बाहेर मानगिल तीनदा खोकला तेव्हा ऊब उतरली. आत आल्यावर जोमन्येनं मला उचललं, उजवा कान तळहातावर धरला आणि हळूच मूठ मिटली. तिला कळलं होतं. कुणाला बोलली नाही.

अशी चार वर्षं गेली. पुढे मोबाइलचं पोट फुगलं आणि तो बंद पडला. मुलगी बोराम सोलहून आली ती कोरा करकरीत मोबाइल घेऊनच. जोमन्येनं मला हातात घेतलं, मोबाइल खाली-वर फिरवला, कडा चाचपल्या. भोक कुठेच नव्हतं.

बोराम हसली. म्हणाली, हल्ली भोक ठेवतच नाहीत, वायरी गेल्या आता. मध्ये लावायची एक छोटी जोडवायर मिळते म्हणे, पण ते म्हाताऱ्या आईला सांगायचं कुणाला सुचलं नाही. तिनं डबीतून पांढरे दोन दाणे काढून दिले. बिनवायरीचे. मी गेलो खणात, तुटक्या चष्म्याशेजारी.

श्राद्धाचा दिवस आला. दिवेलागणीला ताट मांडलं. जोमन्येनं गाणं लावलं, कानातले दाणे काढून भाताशेजारी ठेवले, आणि गाणं बंद पडलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा बंद.

"अगं आई, तो हुशार असतो," बोराम म्हणाली. "कानात कुणी घातलेला नसला की त्याला कळतं. मग आपोआप थांबतो."

जोमन्ये खाली बसली. चार वर्षं ज्या विश्वासावर ती बाई जगली होती, तो त्या बोटभर दाण्यानं एका क्षणात खोटा ठरवला.

"म्हणजे तिथं कुणी नाही, असं म्हणतो का तो?" तिनं विचारलं.

जोमन्ये उठली, खण उघडून मला बाहेर काढलं आणि ताटात ठेवलं. माझी दांडी कशालाच जोडलेली नव्हती. दार लागलं.

गाणं नव्हतं, मित्रांनो. तरी माझा उजवा कान गरम झाला. आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. माझा डावा कान कुणीतरी उचलला आणि दाराकडे नेला. वायर ताठ झाली, वळणं सुटली. दाराच्या फटीपाशी तो अलगद ठेवला गेला.

मानगिल खोकला. दार उघडलं आणि सगळे जागीच थबकले. जोमन्ये मात्र उंबऱ्याशी बसली आणि तो कान आपल्या डाव्या कानात घातला. बराच वेळ ती ऐकत राहिली. मधूनच मान हलवत होती.

"आई, त्याला काही लावलेलं नाही गं," बोराम माझी मोकळी दांडी दाखवत म्हणाली.

जोमन्येनं कान काढला. चेहरा शांत होता.

"पुढच्या वर्षी भाताच्या दोन वाट्या ठेव," ती म्हणाली.

बोराम रडली, रागावली, डॉक्टरकडे घेऊन गेली. तब्येत ठणठणीत निघाली. हिवाळा सरता सरता जोमन्ये झोपेतच गेली.

आज पुन्हा तीच तिथी आहे. ताटात दोन फोटो, दोन वाट्या, दोन चमचे. मला मधोमध ठेवून बोराम बाहेर गेली आहे. माझे दोन्ही कान ऊबदार आहेत.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जुनी वायर कचऱ्यात टाकण्याआधी तिचं दुसरं टोक एकदा हातात धरून बघा. गरम लागलं, तर राहू द्या.