ड्रॉवरमधल्या अकरा कॅप्सूल

मित्रांनो, माझं झाकण आता सैल झालं आहे आणि लेबल पुसट झालं आहे, म्हणून मी कोण ते मीच सांगते. मी प्लास्टिकची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटात टायरोसिनच्या कॅप्सूल आहेत. टायरोसिन हे एक अमिनो आम्ल. दूध, अंडी, डाळी यांतून ते मिळतं, शरीर स्वतःही ते तयार करतं. कारखान्यात मात्र माझ्यावर छापलं, 'ताणातही एकाग्र राहा', आणि माझी मान ताठ झाली.

मला विकत घेतलं ते रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्या एका बाईने. घरी आई आजारी, त्यामुळे तिची झोप अर्धवट व्हायची. मी तिच्या ड्रॉवरमध्ये राहू लागले. रोज सकाळी दोन कॅप्सूल. "हिच्यामुळे डोकं लख्ख चालतं," असं ती म्हणाली की मी फुगून जायचे.

त्या कक्षात एक रिवाज होता. अवघड फोन संपला की आपली लाइन शेजाऱ्याकडे द्यायची आणि खिडकीशी उभं राहून पाच मिनिटं पाणी प्यायचं. शेजारच्या टेबलावरचे काका तिला म्हणायचे, "ऊठ गं, मी बघतो तुझी लाइन."

"राहू दे काका, मी गोळी घेतलीय."

माझ्या जिवावर तिने ती पाच मिनिटं सोडून दिली.

एका दुपारी लागोपाठ तिसरा अवघड फोन आला. एका मुलीचे वडील छातीत कळ येऊन कोसळले होते. पत्ता तिने नीट ऐकला, पण पडद्यावर आधीच्या फोनचा पत्ता तसाच उघडा होता. नवा पत्ता मुलीला वाचून दाखवून खात्री न करताच तिने त्या जुन्या पत्त्यावर गाडी पाठवली.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "त्याच पत्त्यावर दुसरी गाडी कशाला?"

तिने पडद्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. गाडी वळवली, पण सहा मिनिटं वाया गेली होती.

ते गृहस्थ वाचल्याचं संध्याकाळी कळलं. मग ती काकांकडे वळली.

"काका, मी गोळी घेतली होती हो."

"माहीत आहे. पाणी प्यायली होतीस का?"

ती रडली, आणि मला माझ्या लेबलाची लाज वाटली.

आता आईजवळ एक दिवसाआड तिचा भाऊ झोपतो. मित्रांनो, माझ्यावर राग धरू नका, पण माझ्या भरवशावर झोप आणि विसावा सोडू नका. माझ्यात अकरा कॅप्सूल उरल्या आहेत. हल्ली ती ड्रॉवर उघडते, ते माझ्याशेजारचा रिकामा पेला घेऊन खिडकीशी जायला.