महागूने न निवडलेला पिट्टू

मित्रांनो, राजेगावजवळच्या एका घरात चुलीवरच्या खुंटीला धुराने काळा पडलेला एक पिट्टू टांगलेला आहे. तो मी. फौजेतली माणसे पाठीवर सामान बांधायला जाड कापडाची जी पिशवी वापरतात, तिला पिट्टू म्हणतात.

माझा जन्म जबलपूरच्या एका शिवणखान्यात झाला. दुहेरी कापड, पितळी बकले, खांद्याचे दोन पट्टे आणि आत ताठ राहण्यासाठी दोन लोखंडी दांडे. मला शिवणाऱ्या कारागिराने दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि "पक्का" म्हणून बाजूला टाकले. आयुष्यात माझी स्तुती तेवढीच झाली. पुढे एका ट्रकचे चाक माझ्यावरून गेले. डावा दांडा वाकला आणि त्याचे टोक पाठीच्या बाजूला आले. मग मी लिलावात निघालो आणि बालाघाटच्या एका ठेकेदाराच्या आवारात येऊन पडलो.

१९६८ च्या हिवाळ्यात मलाजखंडकडच्या डोंगरात दगड तपासायला एक तुकडी निघाली होती. तिचे साहेब नागपूरचे. साहेबांची पाठ दुखत असे आणि ते ही गोष्ट कुणापासून लपवत नसत. सकाळी चहा पिताना ते रात्री कशी कळ आली ते सांगत. मुकादम सुखराम हळहळत असे. स्वयंपाकी गरम पाण्याची पिशवी आणून देत असे.

त्याच सुखरामने आवारात अकरा हमाल उभे केले.

"ज्याची पाठ दुखते त्यानं आत्ताच घरी जावं," तो म्हणाला. "मंग डोंगरात रडून राह्यला तं मी ऐकणार नाही."

कोणी हलले नाही. महागूही हलला नाही.

महागूची पाठ त्या अकरा जणांत सर्वांत वाईट होती. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि गावची मेलेली गुरे ओढायचे काम त्याने सोडले. गावाने मग त्याला दुसरे कामच दिले नाही. तो भाताच्या गिरणीत पोती वाहू लागला. तिथे एकदा पोत्यांची थप्पी त्याच्यावर कोसळली. तेव्हापासून वाकताना त्याचा श्वास अडायचा. ही गोष्ट त्याची बायको दुर्गाबाई सोडून कोणाला माहीत नव्हती.

साहेबांना स्वतःसाठी पिट्टू निवडायचा होता. आवारात तीन होते. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली आणि महागूकडे बोट दाखवले. "हा माझ्याच उंचीचा आहे. याच्या पाठीवर चढवून पाहू."

सुखरामने प्रत्येक पिट्टूत पंधरा किलो दगड भरले.

पहिला फार मोठा होता. महागू चार पावले चालला. "हा खाली लोंबते साहेब. चालतानी मांगं ओढते."

दुसरा मी. माझा दांडा त्याच्या मणक्याशेजारी टेकला आणि त्याचा श्वास थांबला, ते मला कळले. पण चेहरा त्याने हलू दिला नाही. "ह्याचा दांडा रुतते. हा तुमच्या कामाचा नाही."

तिसऱ्याला कंबरेचा रुंद पट्टा होता. तो बांधल्यावर महागू जरा जास्तच वेळ उभा राहिला. कितीतरी वर्षांनी ओझ्याखाली त्याचे खांदे सैल झाले होते.

"हा घ्या साहेब. हा कंबरेवर बसते. पट्टा आंधी कंबरेचा बांधा, मंग खांद्याचा. जड चीज वरतं ठेवा, पाठीले चिकटून."

"अरे वा! तुला कसं कळतं एवढं?"

महागूने सुखरामकडे पाहिले. "ओझं उचलतो न साहेब."

साहेब खूश झाले. त्यांनी महागूच्या पाठीवर थाप मारली. ती नेमकी दुखऱ्या जागी बसली. तो हसला.

कंबरपट्ट्याच्या त्या पिट्टूत साहेबांनी थर्मास, वही आणि टॉवेल ठेवला. सुखरामने मला उचलून महागूच्या अंगावर फेकले. "तुले इतकं कळते, तं हा वाकडा तूच घे."

दुर्गाबाईने जुन्या लुगड्याची जाड घडी शिवून दिली होती. महागूने ती माझ्या दांड्यावर बांधली. पहिले पाच दिवस त्या घडीने त्याला तारले. सकाळी मी रिकामा असे, दुपारपर्यंत दगडांनी भरत असे. सहाव्या दिवशी साहेब एका खडकावर बसले आणि टेकायला काही आहे का, असे त्यांनी विचारले. सुखरामने ती घडी सोडवून त्यांच्या पाठीमागे ठेवली. ती कुठून आली हे साहेबांनी विचारले नाही. परतही दिली नाही.

मित्रांनो, मी निर्जीव आहे. मला माझा दांडा आत ओढून घेता आला नाही. पुढचे तीन दिवस मी त्या माणसाला टोचत राहिलो. त्याच्या सदऱ्यावर रक्त आले ते माझ्या कापडाने टिपले.

नवव्या दिवशी नाला उतरताना महागू पडला आणि त्याला पाय उचलता येईनात. सुखरामने आधी माझ्यातले दगड काढून इतरांना वाटून दिले. मग त्याला सरळ केले.

"पाठ दुखत होती तर आधी सांगायचं नाही का?" साहेब कळवळून म्हणाले. "मी स्वतः भोगतोय हे दुखणं!"

"खोटं बोलून कामाले लागला, साहेब," सुखराम म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला. "मला फसवलंस तू," ते म्हणाले.

तुकडी पुढे गेली. बैलगाडी यायला दोन दिवस लागले. तोवर तो सागाच्या झाडाखाली मला उशाला घेऊन पडून होता. गाडीने त्याला घरी सोडले आणि मला आवारात.

महिन्याभराने दुर्गाबाई महागूची मजुरी मागायला आवारात आली. साहेबांची पाठ त्या हंगामात बरीच सुधारली होती, हे त्यांनी तिलाही सांगितले. मग म्हणाले, "बाई, हा पिट्टू घेऊन जा. घरात कामी येईल." आणि मला तिच्या हातात दिले.

मी महागूच्या खाटेसमोर टांगला गेलो. तो सहा महिने माझ्याकडे पाहत पडून होता. पुढे तो काठी घेऊन उठू लागला, पण सरळ कधीच उभा राहिला नाही.

एके दिवशी त्याने मला मांडीवर घेतले, शिवण उसवली, दोन्ही दांडे उपसून बाहेर फेकले आणि आपल्या धोतराचा रुंद पट्टा मला कंबरेसाठी शिवला. दुर्गाबाई आता मोहफुले घेऊन बाजारात जायची. त्याने मला भरले, तिच्या पाठीवर चढवले, पट्टा आधी कंबरेला बांधला.

"दुखते का?" त्याने विचारले.

"नाही," दुर्गाबाई म्हणाली.

मित्रांनो, माणसे पाठीबद्दल खोटे का बोलतात, ते तुम्ही आता ऐकले आहे. म्हणून एवढीच विनंती करतो. कुणाच्या पाठीवर काही चढवण्याआधी 'दुखते का' म्हणून विचारा, आणि उत्तर 'हो' आले तर त्या माणसाचे काम काढून त्याला घरी पाठवू नका. त्या दिवशी मी दुर्गाबाईच्या पाठीला टेकलेलो होतो. तिचा श्वास अडला, ते मला कळले. मग तिने पट्टा घट्ट केला आणि ती बाजाराच्या वाटेला लागली.