मावसभावाची मोटार

जनकोजीरावांनी मोटार घ्यायचं ठरवलं तेव्हा मोटारीबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तिला चार चाकं असतात आणि पाचवं मागे डिकीत असतं. लायसन मात्र आधीच काढून झालं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी मौंट रोडवरच्या ड्रायव्हिंग स्कूलला साठ रुपये भरून हा माणूस रोज पहाटे मरीनाच्या रस्त्यावर गाडी शिकला. शेवटच्या दिवशी शिकवणारा म्हणाला, "सार, तुम्ही हॉर्न फार चांगला वाजवता."

आम्ही दोघं मद्रासच्या एका सरकारी हिशेब-कचेरीत समोरासमोर बसायचो आणि तिरुवल्लिकेणीत एकाच गल्लीत राहायचो. ते तंजावरकडचे मराठी. बोलणं जुन्या कागदपत्रांतल्यासारखं, त्यात तमिळ हेल. मी साताऱ्याहून बदलून आलेला. माझ्या मामाची कऱ्हाडला प्रवाशांची सर्विस मोटार होती, हे मी कधीतरी कॉफी पिताना बोलून गेलो होतो. त्या एका वाक्यापायी एकसष्ट सालच्या एप्रिल-मेमधले माझे सहा रविवार गेले. जाईल तिथे जनकोजीराव माझी ओळख करून देत, "हे विद्याधर. मोटारीतलं सगळं ह्यांस कळतं."

हे सगळं चाललं होतं कनकावहिनींसाठी. वहिनी, म्हणजे जनकोजीरावांच्या पत्नी, सैदापेटच्या एका मुलींच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होत्या. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. काठी घेऊन सपाटीवर चालत. बसची पायरी मात्र काही केल्या चढवेना. वर्षाची रजा संपत आली आणि शाळेचं पत्र आलं: पाच जूनला शाळा उघडते, येणार की नाही ते मेअखेर लेखी कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना दिली जाईल.

मी कागदावर मांडून पाहिलं होतं. सायकलरिक्षाने गेलं तर एका बाजूला सव्वा तास आणि माणसाचे हाल. टॅक्सीने गेलं तर अर्ध्याहून जास्त पगार टॅक्सीवाल्याचा. मोटार असेल तर जनकोजीराव त्यांना सोडून कचेरीत येतील, पेट्रोल दिवसाला दीड रुपया. नवीन मोटारीला कित्येक वर्षांची रांग, म्हणून जुनी. जनकोजीरावांनी प्रॉव्हिडंट फंडातून साडेतीन हजार उचलून कपाटात ठेवले होते. त्या कपाटापाशी गेलं की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

रविवारी साडेचार ते सहा राहुकाल, म्हणजे अशुभ वेळ; त्या वेळात मोटार बघायची नाही. सकाळी जनकोजीरावांची पूजा लांबायची. म्हणजे मद्रासच्या उन्हाळ्यात बारा ते चार ह्या वेळात आम्ही मोटारी बघत हिंडायचो. पत्र्याला हात लावला की हात भाजायचा. मोटार चांगली की वाईट हे ठरवायला निदान तिला हात लावता यायला हवा.

पहिली मैलापूरला, एका दिवंगत न्यायाधीशांची. मोटार झकास होती; पण त्यांच्या पत्नी म्हणाल्या, चालवणाऱ्याच्या जागेवर आमचे हे बसत, तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही. मागे बसून बघा. आम्ही दोघं मागे बसलो, खिडकीची काच एकदा खालीवर केली आणि उतरलो. दुसरी कोडंबाक्कमला, सिनेमावाल्यांना दिवे भाड्याने देणाऱ्याची. मागची सीटच काढून टाकलेली. "सीट कुठे आहे?" म्हटलं तर म्हणाला, "शूटिंगला गेली आहे." पुढच्या तीन पुदुपेट्टैचा दलाल राममूर्ती ह्याने दाखवल्या. त्यांतल्या एकीचा गिअरबॉक्स इतका गुपचूप चालत होता, की मला मामाची आठवण झाली. मी जनकोजीरावांच्या कानात म्हटलं, "आत लाकडाचा भुसा घातलाय. महिनाभर आवाज येणार नाही, मग फक्त आवाजच येईल."

राममूर्तीला मराठी येत नव्हतं, पण त्याला समजलं. मला म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस घेऊन आलं की गिऱ्हाईक कधीच मोटार घेत नाही, सार."

ते खरंच होतं. सहावा रविवार संपला तेव्हा एकवीस मे ही तारीख उजाडून मावळली होती, आणि वहिनींचं लेखी उत्तर अजून टेबलावर कोरं पडलं होतं. आम्ही घामाने भिजून परत आलो, तर जनकोजीरावांच्या दारात एक हिरवी मोटार उभी आणि आत सुब्बाराव कॉफी पीत बसलेला.

सुब्बाराव वहिनींचा मावसभाऊ. चहाच्या पेढीचा फिरता विक्रेता, मदुरेपर्यंत सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे, किंवा चाकाखालचे म्हणा. पेढी आता त्याला नवी मोटार देणार होती.

"भावजी, घरात मोटार असता बाजारात कशास हिंडता?" तो म्हणाला.

जनकोजीरावांचा चेहरा असा खुलला, की सहा रविवारांचं ऊन उतरल्यासारखं वाटलं. मी बाहेर जाऊन मोटारीभोवती फिरलो. सुब्बारावाने मला खूश करायला ती सुरू करून दाखवली. मागून निळा धूर निघाला आणि कोपऱ्यावरची फुलवाली टोपली उचलून पलीकडे जाऊन बसली.

मी आत येऊन म्हटलं, "जरा बॉनेट उघडून—"

"विद्याधर!" जनकोजीराव ओरडलेच. मग हळू आवाजात म्हणाले, "घरची मोटार आहे ती."

सुब्बाराव गेल्यावर त्यांनी मला समजावलं. त्यांच्या घरात रीत होती: बायकोच्या माहेरच्या माणसाकडून काही घेतलं तर ते तपासायचं नाही, किंमत पुसायची नाही. चांगला वार बघून चांदीच्या तबकात पानसुपारी, नारळ आणि आपल्या मनाला येईल ती रक्कम ठेवून न्यायची. घेणारा समोर मोजत नाही.

"आमच्या वडिलांनी म्हैस अशीच घेतली होती," ते म्हणाले.

"दूध द्यायची?"

"नाही. पण नातं राहिलं की."

"आणि तबकात किती ठेवणार?"

"आहेत ते सगळे. माझ्या बायकोच्या भावास कमी देऊ? शुक्रवारी साडेदहाच्या आत. पुढे राहुकाल."

वहिनी आत गवार निवडत बसल्या होत्या. बावीस वर्षं वर्गात उभं राहिलेली बाई गप्प बसते तेव्हा आपलं उत्तर चुकलंय, हे मला शाळेपासून माहीत आहे. जनकोजीरावांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सुब्बारावाला निरोप पाठवला: शाळेत प्रवेशाची कामं चालू आहेत, मला नेऊन सोडशील का? मावसबहीण, त्यातून थोरली, त्यातून लंगडी. नाही कसं म्हणणार? सोमवारी त्याने नेलं नि आणलं. मंगळवारी नेलं, आणायला एक तास उशीर झाला. बुधवारी आला तेव्हा सदऱ्याच्या बाह्या ऑइलने काळ्या होत्या. त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "विद्याधरराव, उद्या एक दिवस रजा काढाल का? ढकलायला माणूस लागेल असं वाटतं."

"वहिनी, तुम्ही हे मुद्दाम—"

"मी शाळेत जाते आहे. मोटार बघायची नाही म्हणून तुमचे हे मित्र सांगतात. तीत बसायचं नाही म्हणून कोणी सांगितलं?"

गुरुवारी आम्ही तिघं निघालो. तेनाम्पेटला मोटार एकदा खोकली, दोनदा खोकली आणि एका चिंचेखाली जाऊन बसली. बसली म्हणजे बसलीच. मी उतरून ढकललं, सुब्बारावाने ढकललं, दोन रिक्षावाल्यांनी ढकललं आणि चौघांनी मिळून ती दहा हातांवरच्या उन्हात नेऊन ठेवली. सावली तेवढी गेली. वहिनी आत बसूनच होत्या. त्यांचा आखूड पाय पुढच्या सीटखाली अडकवून ठेवला होता आणि कपाळावरून घाम गळत होता.

रिक्षावाले पैसे घेऊन गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "सुब्बा, इकडे ये. हिला काय झालंय?"

सुब्बारावाने माझ्याकडे पाहिलं. मी विमान बघतात तसा आभाळाकडे बघत राहिलो.

"अक्का, ऐंशी हजार मैल झाले हिचे," तो म्हणाला. "तेल बदलायचं माझ्यानं झालं नाही. आज बदलू, उद्या बदलू करत. पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर झिजले. क्लचसुद्धा."

"हिचा दोष नाही म्हणतोस."

"नाही. माझाच."

"बाजारात दाखवलीस?"

"राममूर्तीला दाखवली. बावीसशे म्हणाला."

"मग आमच्याकडे का आणलीस?"

तो बराच वेळ रुमालाने हात पुसत होता. हात स्वच्छ होणार नव्हते हे तिघांनाही दिसत होतं. "भावजी तबकात किती ठेवतील ते मला ठाऊक होतं, अक्का."

"किती?"

"असतील तेवढे."

वहिनी रागावल्या नाहीत. रागवायला जेवढी ताकद लागते तेवढी त्या उन्हात कोणाजवळच नव्हती. त्या म्हणाल्या, "उद्या तबकात बावीसशे येतील. तू समोर मोजायचे नाहीत. आणि घरी जाऊन मोजलेस तरी तुझ्या भावजींना ते कधी कळता नये."

"सरि, अक्का. नाही कळणार."

"आता टॅक्सी आण. मला शाळेत जायचंय. पैसे तू द्यायचे."

त्या टॅक्सीतून वहिनी शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकेच्या हातात 'येते' म्हणून लेखी उत्तर देऊन आल्या. मला नंतर सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अजून मोटार चालत नाही, आणि तुम्ही लिहून दिलंत? त्या म्हणाल्या, "आता काय बिघडलंय ते तरी माहीत झालं. गणितात तेवढं पुरतं."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्या घरी गेलो. जनकोजीरावांनी शंभराच्या पस्तीस नोटा तबकात पंख्यासारख्या मांडल्या होत्या, वर पानं, मध्ये नारळ. त्यांना ते इतकं आवडलं, की मला दोनदा दाखवलं. मग ते कोट घालायला आत गेले. कोटाची बटणं लावायला त्यांना जितका वेळ लागतो तितक्या वेळात वहिनींनी खालून तेरा नोटा काढल्या, उरलेल्यांचा पंखा पुन्हा तितकाच रुंद मांडला, पानं जरा पुढे ओढली आणि तेरा नोटा माझ्या हातात कोंबल्या.

"रिंगा, सिलिंडर, क्लच. जे काय असेल ते. पावती आणा."

"वहिनी, जनकोजीरावांना कळलं तर?"

"चोवीस वर्षांत घरात साखर किती येते ते कळलेलं नाही."

सुब्बारावाने तबक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खाली बघत राहिला. जनकोजीरावांना तो नम्रपणा वाटला. परत येताना ते मला म्हणाले, "बघा, एक शब्द बोलावा लागला नाही. तुमच्या त्या राममूर्तीशी सहा रविवार घासाघीस करून काय मिळालं?"

मी म्हटलं, "ऊन."

मोटार पुदुपेट्टैच्या एका बुटक्या मेस्त्रीकडे आठ दिवस उघडी पडली होती. कचेरी सुटली की मी तिथे जाऊन स्टुलावर बसायचो. खर्च झाला अकराशे चाळीस. वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, सुब्बाने सगळं नीट करून द्यायचं कबूल केलंय. त्यावर जनकोजीराव कचेरीत प्रत्येक टेबलाशी जाऊन म्हणाले, "मोटार दिल्यावर स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून देतो! बाजारात कोण करील असं?" मला त्यांनी विचारलं, "काय विद्याधर?" मी मान हलवली. त्या मान हलवण्याला कुठल्या खात्यात घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.

पाच जूनला सोमवार होता. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाल, म्हणून आम्ही साडेसहालाच निघालो आणि सातला शाळेच्या बंद फाटकासमोर पोचलो. धूर नव्हता, खोकला नव्हता. फाटक उघडायला दोन तास होते. तिघं मोटारीत बसून राहिलो. जनकोजीराव स्टिअरिंगवर हात ठेवून समाधानाने बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कनका, सुब्बाकडे एक रेडिओ आहे. तोही द्यायचा म्हणतो. मी किंमत पुसली नाही."

मी आरशात पाहिलं. वहिनींनी डोळे मिटून मान मागे टेकली होती.

"रेडिओ नको," त्या म्हणाल्या. "घरी आलं की मला कोणाचं काही ऐकायचं नसतं."

"मग राहू दे की," जनकोजीराव म्हणाले आणि बिचारे खरंच गप्प बसले.

नऊ वाजता पहारेकऱ्याने फाटक उघडलं. वहिनी उतरल्या. इतका वेळ बसून पाय बधिर झाला होता. मोटारीचं दार धरून त्या उभ्या राहिल्या. आम्ही दोघं हात द्यायला धावलो, तर त्यांनी काठीनेच आम्हाला थांबवलं. मग एकेक पाऊल टाकत आत गेल्या. गणवेशातल्या चार मुली वाट सोडून बाजूला झाल्या. त्यांतली एक म्हणाली, "टीचर आल्या." दुसरीने निःश्वास टाकला, तिचं गणित बहुधा कच्चं असावं.